डावं पान

अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, टेबलावर उजव्या हाताला दिवाणी कायद्याचं जाडजूड पुस्तक असायचं आणि डाव्या हाताला पंचांगं. मागच्या पाच-सहा वर्षांची, सुतळीनं एकत्र बांधलेली. दावा लावायचा मुहूर्त वकील त्यात बघत असतील, असं मला लहानपणी वाटायचं. खरं कारण आजीनं सांगितलं, तेही अण्णा गेल्यावर, एका दुपारी तांदूळ निवडताना.

परळला खानावळ चालवणारी एक बाई अण्णांकडे आली होती. साल 1938 किंवा 39. बायकामुलं गावी ठेवून गिरणीत राबणारे गडी अशा बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. त्यातला एक गडी सहा महिने जेवला आणि पैसे न देता दुसऱ्या गिरणीत, दुसऱ्या खानावळीत निघून गेला. अण्णांनी विचारलं, कधीपासून जेवत होता? बाई म्हणाली, गौरी-गणपती करून गावावरनं आला, त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं. कधीपर्यंत? शिमग्याला गेला तो परत ताटावर बसला नाही. मधे किती दिवस जेवला नाही? बाईनं बोटांवर मोजलं. एकादश्या, महाशिवरात्र, आणि पौषात तापानं पडला होता ते चार दिवस. त्या चार दिवसांत पेज दिली होती, पण तिचे पैसे मी मागत नाही, म्हणाली.

हिशेब चोख होता. त्यात तारीख तेवढी एकही नव्हती, आणि कोर्टाला तारीख लागते. 1908 च्या मुदतीच्या कायद्यात उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षं मिळत, पण हॉटेल-खानावळीतल्या खाण्यापिण्याच्या पैशांना एकच वर्ष. बाई आली होती श्रावणात. म्हणजे गणपती झाले की आदल्या वर्षीचं एकेका दिवसाचं जेवण मुदतीबाहेर जायला लागणार. त्या रात्री अण्णा आदल्या वर्षीचं पंचांग घेऊन बसले. भाद्रपदापासून फाल्गुनापर्यंतची प्रत्येक तिथी त्यांनी इंग्रजी तारखेत उतरवली, उपास वजा केले, पेजेचे चार दिवस वजा केले. आजी म्हणाली, "पहाटे मी उठले, तर हे अजून मार्गशीर्षातच."

दावा वेळेत लागला. हुकूमनामाही झाला. पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे होते, सगळे आले की नाही ते आजीला ठाऊक नव्हतं. पंचांगं मात्र तेव्हापासून टेबलावर राहिली.

अण्णा 1911 चे, राजापुराजवळच्या एका खेड्यातले. बोटीनं मुंबईला आले आणि ठाकूरद्वारच्या एका चाळीत मामांच्या खोलीवर राहून शिकले. 1935 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, तेव्हा अण्णा तिथं विद्यार्थी होते. ही गोष्ट ते अभिमानानं सांगत, आणि सांगून झाल्यावर त्यांचा आवाज उतरत असे. बाबासाहेबांनी 1923 साली मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा हायकोर्टातले सॉलिसिटर त्यांच्याकडे कामं पाठवत नसत. बॅरिस्टर, वर कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, तरी जात आडवी आली. परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कचेरीत गोरगरीब अशील मात्र येत राहिले. अण्णा म्हणत, "कोर्टाचा दरवाजा सगळ्यांना उघडा असतो असं पुस्तकात लिहिलंय. आत कोण कोणाला हाक मारतो ते बघायचं असतं."

ही हाक मारण्याची रीत समजल्याशिवाय अण्णा कुठं उभे होते ते समजणार नाही. मुंबईच्या हायकोर्टात मूळ शाखेवर, म्हणजे दावा थेट हायकोर्टातच लागायचा तिथं, दुहेरी पद्धत होती. अशील आधी सॉलिसिटरकडे जायचा, सॉलिसिटर सगळी कागदपत्रं बांधून बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवायचा, आणि बॅरिस्टर न्यायमूर्तींपुढे उभा राहायचा. ज्याचं भांडण तो सगळ्यात मागे. अण्णा त्या इमारतीत फार कमी गेले. त्यांचं सगळं आयुष्य धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात गेलं. आता त्याला लघुवाद न्यायालय म्हणतात, अण्णा नुसतं 'धोबीतलाव' म्हणायचे. 1882 च्या कायद्यानं त्या कोर्टाला दोन हजार रुपयांपर्यंतचे दावे ऐकायचा अधिकार होता. उधारी, थकलेलं भाडं, मोडलेल्या शिवणयंत्राची किंमत, दिलेला आणि न दिलेला पगार. तिथं अशील थेट वकिलासमोर बसायचा, नाहीतर जिन्यावर त्याला गाठायचा. ठाकूरद्वारहून अण्णा चालत जात, ट्रामचे पैसे वाचवून. काम संपलं की इराण्याकडे एक चहा. ब्रून मस्का ज्या दिवशी फी मिळाली त्या दिवशी.

गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन 1891 मध्ये परतल्यावर त्यांची पहिली केस मुंबईच्या याच स्मॉल कॉजेस कोर्टात होती. फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, पाय लटपटले, एक प्रश्न सुचेना, आणि ते खाली बसले. फी परत दिली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. कुणी नवा वकील पहिल्या दिवशी घाबरला की अण्णा त्याला ही गोष्ट सांगत. चहाही पाजत.

आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बाहेरच्या भिंतीवर दोन चौकटी होत्या. एक अण्णांची वकिलीची सनद, इंग्रजीतली, हायकोर्टाच्या शिक्क्याची. दुसरी बापूआजोबांची. बापूआजोबा म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. बेचाळीसच्या चळवळीत ते तुरुंगात गेले होते. 1972 साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले, त्यात त्यांनाही मिळाला. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, ते आमच्यातच राहत, म्हणून ताम्रपटही आमच्याच भिंतीवर आला.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं की ताम्रपट माझ्या आजोबांचा आहे. तसं ते पुरतं खोटं नव्हतं, बापूआजोबाही आजोबाच. पण मला ठाऊक होतं मी काय करतेय. एक मैत्रीण घरी आली. अण्णा आरामखुर्चीत वाचत होते. तिनं सरळ विचारलं, "आजोबा, तुम्ही तुरुंगात होतात ना?"

अण्णांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी नाही बाळ, माझा भाऊ. मी त्या वेळी कोर्टात जात होतो." मग आजीला हाक मारून मैत्रिणीला शेव द्यायला सांगितली. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या न बघण्याची लाज अजून माझ्या अंगावर आहे.

ती गेल्यावरही ते काही बोलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात मात्र मला शाळेला दांडी मारायला लावून हायकोर्टात घेऊन गेले. 1878 साली बांधून झालेली ती काळ्या दगडाची इमारत, माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. आत जिन्यात गारवा आणि जुन्या कागदांचा वास. मधल्या मोठ्या कोर्टाबाहेर एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यापुढे उभं करून अण्णांनी मला ती वाचायला लावली. 22 जुलै 1908 ला शिक्षा सुनावण्याआधी लोकमान्य टिळक जे बोलले ते तिच्यावर कोरलंय. ज्युरीनं काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, माणसांची आणि राष्ट्रांची नियती ज्यांच्या हाती आहे अशा याहून वरच्या शक्ती आहेत, अशा अर्थाचं. 1956 साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते ती पाटी लागली. ज्या कोर्टानं सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली, त्याच कोर्टाच्या भिंतीवर.

मी विचारलं, "पण हे इंग्रजीत का? लोकमान्य मराठीत का नाही बोलले?"

"ऐकणाऱ्यांना मराठी येत नव्हतं म्हणून."

मग जिन्याच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी मला तो खटला सांगितला, अकरा वर्षांच्या मुलीला झेपेल तसा, आणि थोडा न झेपेल तसाही. केसरीतले दोन लेख राजद्रोहाचे ठरवले होते, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. लेख मराठी. ज्युरीत नऊ जण, त्यातले सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे गेलं ते सरकारी भाषांतर. टिळकांनी स्वतःच बचाव केला, काही दिवस मिळून एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि त्यातला बराच वेळ या भाषांतरातल्या शब्दांवर गेला. अमुक शब्दाचा मराठीत अर्थ हा, तुम्ही लावलाय तो नाही. सरकारी भाषांतरकाराला त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात प्रश्न विचारले. ज्युरीनं सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवलं. न्यायमूर्ती दावर, जे 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते, त्यांनीच शिक्षा सुनावली. त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस.

"लेख मराठी होते," अण्णा म्हणाले, "आणि शिक्षा झाली ती भाषांतराला."

तेव्हा मला वाटलं, हे मला टिळकांची गोष्ट सांगताहेत. ते त्यांच्या स्वतःच्या कामाची गोष्ट सांगत होते, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली.

अण्णा 1983 साली गेले. आजी 91 साली. आमची चाळ पुनर्बांधणीत पाडली गेली, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून एक लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी निघाली. भाऊ म्हणाला, मोडीत आहे, कुणाला वाचता येणार? मी ठेवून घेतली. बँकेतून निवृत्त झाल्यावर साठीला मोडी शिकायला बसले. माझ्या शेजारी विशीतली मुलं होती, ती भराभर शिकली. मला अक्षरं ओळखायला दोन महिने आणि अण्णांचं अक्षर ओळखायला वर्ष लागलं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं लटकवत जातात. हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. बोलणारा जसा एका दमात बोलतो तसं एका दमात लिहिलेलं.

चोपडी 1938 ते 49 ची. प्रत्येक अशिलाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर मोडीत अशिलाचं म्हणणं, त्याच्याच तोंडच्या शब्दांत. मालवणी बोलणाऱ्याचं मालवणी, साताऱ्याकडच्याचं साताऱ्याकडचं. वरच्या कोपऱ्यात तिथी आणि तारीख. उजव्या पानावर इंग्रजी, म्हणजे कोर्टात दाखल करायच्या कैफियतीचा कच्चा मसुदा. डावं पान बहुधा काठोकाठ भरलेलं, उजव्यावर पाच-सात ओळी.

एका गिरणी कामगाराचं डावं पान मी नीट लावून घेतलं ते असं: "साहेब पैसं घेतलं न्हाईत आसं म्या म्हनत न्हाई म्या चाळीस घेतलं पोरगी आजारी व्हती आन त्यानं आंगठा घेतला तवा कागद कोरा व्हता आता त्यो दीडशं म्हंतो आन पोरगी बी ऱ्हायली न्हाई." सावकाराचं व्याज रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. उजव्या पानावर लिहिलंय की प्रतिवादीला फक्त चाळीस रुपये मान्य असून वचनचिठ्ठी कोरी असताना तिच्यावर अंगठा घेण्यात आला. बरोबर आहे. कोर्टात एवढंच लागतं, आणि याच मुद्द्यावर तो माणूस वाचला असेल तर वाचला असेल. पण मुलगी उजव्या पानावर आलेली नाही. अण्णांनी ती डावीकडे लिहून ठेवली.

का लिहीत असतील? दाव्याला उपयोग शून्य. माझा एक भाचा वकील आहे, तो म्हणतो उलटतपासणीची तयारी म्हणून असेल. असेलही. पण मला पेजेचे चार दिवस आठवतात.

एक गोष्ट आजीकडून ऐकलेली होती, ती चोपडीत सापडली तेव्हा मी जागेवरून उठून उभी राहिले. थकलेल्या कर्जापायी एका घरावर जप्ती गेली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमात काही वस्तू जप्तीतून वगळल्यात: अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि बाईनं धर्माप्रमाणे अंगावेगळा करू नये असा दागिना. बेलिफानं तपेली-परात सोडली, मंगळसूत्राला हात लावला नाही, पण पाण्याचा तांब्याचा हंडा उचलला. हंड्यात काही शिजत नाही, तेव्हा ते स्वयंपाकाचं भांडं नव्हे. अण्णांनी कोर्टाला विचारलं, पाण्यावाचून भात कसा होतो? डाव्या पानावर त्या बाईचं एकच वाक्य आहे: "हंडा माझ्या आईचा हाय." खाली अण्णांचा शेरा, मोडीतच: हंडा परत.

चाळीस सालानंतर चोपडीत खोल्याच खोल्या आहेत. लढाईच्या दिवसांत मुंबईत माणसं वाढत गेली आणि खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. भाडं एकदम वाढवलेलं, पावती बंद केलेली, नळ तोडलेला. 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या दरावर बांधली गेली. त्या कायद्यानं पुढं घरमालकांनी डागडुजी सोडली आणि चाळी खंगल्या, हे मी नाकारत नाही. टेकू लावलेल्या जिन्यावरून मी स्वतः वीस वर्षं उतरलेय. पण ही चोपडी वाचल्यापासून त्या कायद्याला नुसती नावं ठेवणाऱ्यांचं मला गप्प बसून ऐकवत नाही. डाव्या पानावरची माणसं गिरगावात, लालबागेत, माझगावात राहू शकली ती त्याच्याच आधारानं.

कॉलेजात असताना मी एकदा अण्णांना विचारलं होतं. विशीतली धिटाई होती. "बेचाळीसला तुम्ही का नाही गेलात?"

अण्णांनी थोडा विचार केला. "सोमवारी माझ्या दोन तारखा होत्या," म्हणाले.

हे उत्तर मी चाळीस वर्षं पळवाट समजत आले. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, 9 ला रविवारी पहाटे गांधीजींसह सगळे नेते पकडले गेले, शहरात दगड आणि अश्रुधूर. आणि हा माणूस म्हणतो, सोमवारी तारखा होत्या. चोपडीत 10 ऑगस्ट 1942 चं पान आहे. दोन अशील, दोघी बायका. एका विधवेची खोली आणि एका बाईचा नवरा, ज्याला कर्जापायी दिवाणी तुरुंगात घालायचं चाललं होतं. अण्णा ठाकूरद्वारहून चालत गेले असणार, रोजच्यासारखे. कोर्टाचं काम चाललं की नाही ते लिहिलेलं नाही. "दोघी आल्या होत्या," एवढंच आहे.

त्यापुढचं सप्टेंबरातलं एक पान मी शेवटी वाचलं, कारण त्या पानात घडी घातलेलं वकीलपत्र होतं आणि ते उलगडायचा मला धीर होत नव्हता. बापूआजोबांना पत्रकं वाटताना पकडून किल्ला कोर्टात उभं केलं होतं. चळवळीतली मुलं बचाव करत नसत. परक्या सरकारचं कोर्टच मानायचं नाही, तर वकील कशाला? अण्णांना हे माहीत होतं. तरी ते कोट घालून, वकीलपत्र भरून, तिकीट लावून गेले. नाव, गाव, वय बावीस, सगळं अण्णांच्या अक्षरात. अशिलाच्या सहीची जागा रिकामी आहे. बापूआजोबांना सहा महिने झाले. ते परत आले, एकाच घरात दोघे पुढं चाळीस वर्षं राहिले, रोज रात्री शेजारी शेजारी पाटावर जेवले. या कागदाबद्दल दोघांपैकी एकानंही कधी घरात अवाक्षर काढलं नाही.

डाव्या पानावर मोडीत दीड ओळ आहे.

"दादा सही करणार नाही रागवू नको आईला सांग मी जेवलोय."

उजवं पान कोरं आहे. पान उलटलं की दुसऱ्या दिवसाची तिथी, आणि भाऊच्या धक्क्यावरच्या एका हमालाचं म्हणणं सुरू होतं.